नातवंडे आणि पर्वतीच्या पायऱ्या

वैशाख लागला, की पुण्यातल्या ज्या घरांतून वर्षभर दोनच ताटे मांडली जातात त्या घरांस एकाएकी कंठ फुटतो. मुलांच्या शाळा सुटतात. बंगळूर, हैदराबाद, मुंबई अशा ठिकाणांहून नातवंडांचे थवे येऊन उतरतात. आणि जे गृहस्थ आजवर दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन निश्चिंत निजत असत त्यांस 'आजोबा, आता काय करायचं?' या प्रश्नाला दर तासास नवे उत्तर शोधावे लागते. आमच्याकडेही यंदा सूनबाई दोन्ही मुलांस घेऊन पंधरवड्याकरिता आली. थोरला नातू नऊ वर्षांचा, धाकटी नात सहाची. चिरंजीवांस कामातून सवड नव्हती, ते बंगळुरासच राहिले.

पहिले चार दिवस आम्ही महाभारतावर निभावून नेले. रात्री गच्चीवर गाद्या पडल्या की कौरव-पांडवांचे युद्ध सुरू होई आणि मुलांचे डोळे मिटेपर्यंत चाले. चौथ्या रात्री द्रोणाचार्य पडले. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. गुरूने पुसले तेव्हा मेला तो माणूस की हत्ती हे धर्मराजाने कसे मोघम ठेवले, आणि त्यासरशी भूमीवरून चार बोटे अधांतरी चालणारा त्याचा रथ कसा खाली टेकला, हे आम्ही जरा रंगवूनच सांगितले. थोरल्यास 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द इतके आवडले, की दुसऱ्या दिवशी दात घासलेस का म्हणून विचारले तरी तो तेच उत्तर देऊ लागला. धाकटीस चिंता रथाची. 'मग तो रथ पुन्हा वर गेला का?' असे तिने तीनदा विचारले. पाहून सांगतो, असे आम्ही म्हणालो आणि विसरलो.

पाचव्या दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी आम्ही जाहीर केले, की उद्या मुलांस घेऊन पर्वतीवर जावयाचे, दिवसभर बाहेर काढावयाचा आणि ऊन उतरल्यावर घरी परतावयाचे. सूनबाईने विचारले, "बाबा, मीही येऊ का बरोबर?" आम्ही म्हणालो, "छे, छे! तू तुझ्या मैत्रिणींकडे जाऊन ये. दोन पोरे सांभाळणे आम्हांस काय अवघड?" या वाक्यातला 'काय अवघड' हा भाग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

पर्वतीच का, याचे कारण आहे. १२ जुलै १९६१ या दिवशी आम्ही आठ वर्षांचे होतो. पानशेतचे धरण पुरते बांधून व्हावयाचे होते. ते त्या दिवशी सकाळी फुटले, आणि त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याचे जुने धरणही नेले. मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा या पेठांतून आणि पलीकडे डेक्कन जिमखान्यावर शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला. आम्ही नारायण पेठेत राहात असू. वडील कचेरीत गेलेले, आई धाकट्या बहिणीस घेऊन सदाशिव पेठेत मावशीकडे. घरात आम्ही आणि आजोबा. आळीतून आरडाओरडा सुरू झाला तेव्हा आजोबांनी देवघरातला बाळकृष्ण कोटाच्या खिशात टाकला, आमचे मनगट धरले आणि पावसातून तडक पर्वतीची वाट धरली. त्या टेकडीवर आम्ही त्यांच्याबरोबर संध्याकाळपर्यंत होतो. वरून जे दिसले ते शहर नव्हते. गढूळ पाण्याचा पट्टा आणि त्यातून वर आलेले माड्यांचे माथे. कोणीतरी फुटाणे वाटले, ते खाल्ल्याचे आठवते. आपली माणसे कुठे असतील हा विचार त्या वयात आमच्या मनात आला नाही. आजोबांच्या मनात आला असेल, पण ते बोलले नाहीत. रात्री सारी सुखरूप भेटली; घर मात्र गेले.

हे सारे त्याच पायऱ्यांवरून चढत नातवास सांगावयाचे, अशी आमची फार दिवसांची हौस होती.

आदल्या रात्री आमच्या सौभाग्यवतींनी दशम्या केल्या. हल्लीच्या मुलींस दशमी माहीत असते ती बहुधा नावाने. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजविली म्हणजे पोळी मऊ राहते, दुसऱ्या दिवशीही खाता येते. आणि पूर्वीच्या सोवळ्याच्या घरांत ती प्रवासास चालत असे हा आणखी एक गुण. सोवळे गेले, दशमी राहिली हे चांगलेच झाले. सोबत दाण्याची चटणी, साखरआंबा, आणि सूनबाईने आग्रहाने दिलेली पन्ह्याची मोठी बाटली. आम्ही म्हणालो, "एवढे ओझे कशाला?" तिने ती थोरल्याच्या पिशवीत घातली आणि आमचा फोन भरून, स्वतःचा क्रमांक कसा लावावयाचा ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. आम्हांस हा थोडा आगाऊपणाच वाटला.

निघावयाचे होते सहाला. पण मुले घेऊन सहाला निघणे हे ज्या कोणी साधले असेल त्याचा सत्कार करावयास हवा. धाकटीचा एक मोजा सापडेना. तो सापडला तेव्हा थोरला दूध नको म्हणून रुसला होता. तो समजला तेव्हा धाकटीस पुन्हा आत जावे लागले. रिक्षा पायथ्याशी पोहोचली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि नेहमीची पर्वती चढणारी मंडळी घामेजून खाली येत होती.

आणखी एक गोष्ट येथेच कबूल करणे बरे. त्या सकाळी आम्ही अर्धा पेला चहाखेरीज काही प्यालो नव्हतो. आमच्या वयाच्या पुरुषांस याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. बाहेर जावयाचे म्हणजे पाणी बेताने प्यावे, न जाणो वाटेत अडचण व्हावयाची. बायकांनी तर हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला आणि त्याची शिक्षा भोगली. पण म्हातारे पुरुषही तो पाळतात, आणि कोणास सांगत नाहीत. रक्तदाबाची गोळी मात्र आम्ही नेमाने घेतली होती.

पर्वतीस पायऱ्या १०३ असे लहानपणापासून ऐकत आलो. त्या उंचीस थोड्या आणि रुंदीस पुष्कळ आहेत. घोडे-हत्तीही वर जावेत अशा बेताने बांधल्या असे सांगतात, आणि हे ऐकताच धाकटीने आपण हत्ती असल्याचे जाहीर करून सोंड हलवीत चढण्यास आरंभ केला. थोरल्याने मोजदाद आपल्याकडे घेतली. आम्ही मधोमध, आणि आमच्या मुखाने इतिहास. वरचे देवदेवेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी उभारले, १७४९ साली तेथे देवाची स्थापना झाली. पुढे १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मुलगा विश्वासराव आणि भाऊसाहेब गेले, त्या दुःखाने खचलेले नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये याच टेकडीवर वारले. पुराचे साल १९६१. दोनशे वर्षांच्या अंतराने पुण्याने दुःख घेऊन दोनदा याच पायऱ्या चढल्या, असे काहीसे आम्ही म्हणत होतो. थोरला म्हणाला, "एकोणचाळीस. आजोबा, बोलू नका ना, चुकतो मी."

पण न बोलणे आम्हांस कोठून जमावयास? पंचेचाळिसाव्या पायरीच्या सुमारास आम्ही पुराची गोष्ट काढली. पन्नाशीत बाळकृष्ण खिशात गेला. साठाव्या पायरीच्या आसपास आमचे आजोबा आमचे मनगट धरून चढू लागले. "आणि दर थोड्या पायऱ्यांवर," आम्ही सांगत होतो, "ते थांबत आणि मागे वळून मला दाखवीत, 'ते बघ, ते बघ पाणी कुठवर आलं.' मला तर धावत वर जायचं होतं. पण ते थांबत आणि..."

येथे आमचा आवाज आम्हांसच दुरून आल्यासारखा वाटू लागला. कानांत गुणगुण, कपाळावर गार घाम, आणि समोरच्या पायरीची कड दिसेनाशी झाली. बसलो की खाली टेकलो हे नक्की सांगता येणार नाही. बसलो असे आम्ही म्हणतो.

रोज पर्वती चढणारे एक गृहस्थ उतरत होते. ते थांबले, त्यांनी आमचे डोके खाली गुडघ्यांत घालावयास लावले आणि पोरांस म्हणाले, "आजोबांना जरा वारा घाला." पायऱ्यांच्या कडेच्या सावलीत त्यांनीच आम्हांस सरकविले. धाकटीने आपली टोपी काढून वारा घालण्यास सुरुवात केली. थोरला काही न बोलता पिशवीतून पन्ह्याची बाटली काढून उभा राहिला. आम्ही दोन घोट घेतले, मग चार, मग बरेच. कैरी, गूळ आणि मीठ यांहून त्या घडीस अधिक योग्य असे दुसरे काही कोणी दिले नसते. आणि ज्या ओझ्यास आम्ही नावे ठेविली होती तेच हे.

डोळ्यांपुढचे उजळले तसा थोरल्याचा चेहरा दिसला. तो पांढरा पडला होता. फोन त्याच्या हातात होता.

"आजोबा, आईला फोन करू?"

"नको."

"का?"

"उगीच घाबरेल ती. मला काही झालेलं नाही. जरा ऊन लागलं."

ते गृहस्थ मुलाकडे पाहात म्हणाले, "कळवलेलं बरं." आम्ही त्यांचे आभार अशा रीतीने मानले, की त्यांस निघणे भाग पडावे. आज हे लिहिताना लाज वाटते. ते जाता जाता दोनदा मागे वळून पाहात होते.

मग आम्ही मुलांस जवळ घेतले आणि म्हणालो, "हे बघा, घरी गेल्यावर हे सांगायचं नाही."

धाकटीने विचारले, "खोटं बोलायचं?"

"खोटं नाही ग. न विचारता आपण होऊन सांगायचं नाही, इतकंच. दिवस कसा झाला विचारलं, तर छान झाला म्हणायचं. झालाच आहे ना छान?"

थोरला थोडा वेळ पायरीवरच्या धुळीत बोट फिरवीत राहिला आणि मग, कोणताही खोडकरपणा न करता, खरोखर समजून घ्यावे म्हणून त्याने विचारले, "म्हणजे नरो वा कुंजरो वा?"

शिकविलेले इतक्या लवकर परत येईल असे वाटले नव्हते. आम्ही हसण्याचा प्रयत्न केला. धाकटी हसली नाही. ती वाकून आमच्या चपलांकडे पाहात होती. का, ते आम्ही विचारले नाही.

याच पायरीवर बसून आम्हांस दुसरी एक गोष्ट उमगली, जी साठांहून अधिक वर्षे डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. आमचे आजोबा दर थोड्या पायऱ्यांवर थांबत होते ते पाणी दाखविण्याकरिता नव्हे. 'ते बघ' म्हणून ते आमचे तोंड शहराकडे वळवीत, आणि आमची नजर तिकडे असेतोवर दम घेत. सत्तरीचे गृहस्थ, पाऊस, अंगावर भिजलेला कोट, खिशात देव आणि हातात आठ वर्षांचे पोर. त्यांस धाप लागली नसेल तर काय होईल? त्यांनी ती लपविली आणि आम्हांस ते शूर वाटले. त्या दिवशी ते लपविणे योग्यच होते असे आम्ही अजून मानतो. घाबरलेल्या मुलास आणखी घाबरविण्यात अर्थ नव्हता आणि कळवावयाचे तरी कोणास? आमच्यासाठी मात्र फोन भरून ठेवलेला होता.

६४ वी पायरी. मोजदाद तेथेच थांबली. देऊळ पाहणे राहिले. "वर नाही जायचं?" धाकटीने विचारले, थोरला म्हणाला, "नाही," आणि आमचा हात धरून तो एक एक पायरी उतरू लागला. पकड मनगटावर होती.

पायथ्याहून सारसबाग जवळच. तेथे झाडाखाली दीड तास काढला, दशम्या संपविल्या, 'तळ्यातल्या गणपती'चे दर्शन घेतले. "तळं कुठाय?" हा प्रश्न प्रत्येक मूल तेथे विचारते. तळे खरोखरच होते. आंबिल ओढ्याचे पाणी अडवून ते पेशवाईत केले. मध्ये बेट ठेविले, आणि १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. पाणी पुढे राहिले नाही, नाव राहिले. शेजारच्या पेशवे उद्यानात १९५३ पासून प्राणिसंग्रहालय होते आणि १९५६ साली तेथे 'फुलराणी' ही लहान मुलांची आगगाडी सुरू झाली. तीत बसण्यासाठी आम्ही आजोबांजवळ धरलेले हट्ट आठवले. वाघ-सिंह पुढे कात्रजच्या उद्यानात गेले. हे सारे आम्ही एरवी तासभर सांगितले असते. त्या दिवशी चार वाक्यांत आटोपले, आणि मुलांस ते अधिक आवडलेसे दिसले.

ऊन चढले तेव्हा घरी परतणे हाच शहाणपणा होता. पण लवकर परतलो तर 'इतक्यात कसे?' असे विचारतील, या भीतीने आम्ही रिक्षा केळकर संग्रहालयाकडे वळविली. लपविण्याचा पहिला खर्च हा असा असतो. संग्रहालय मात्र उन्हाळ्याच्या दुपारी मुलांस न्यावयास उत्तम, हे आमचे मत त्याहीपेक्षा जुने आहे. सावली आहे, बसावयास जागा आहे, आणि पाहावयाच्या वस्तू बहुतेक घरातल्या आहेत: अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, पाय घासावयाच्या वज्री, पानाचे डबे, वाद्ये. राजा-महाराजांच्या तलवारीपुढे मूल पाच मिनिटे उभे राहते. पण पणजीच्या हातातल्या वस्तूपुढे 'हे कशाला?' असे विचारीत अर्धा तास घालविते. कोथरूडच्या मस्तानी महालाचा भाग उचलून आणून येथे पुन्हा उभा केला आहे, तोही पाहिला. थोरला कुलपांपाशी रमला. धाकटी दिव्यांपासून हलेना.

तिने पाटीवरचे नाव वाचविले. "राजा म्हणजे कुठला राजा?"

आम्ही सांगितले, की तो कोणी सिंहासनावरचा राजा नव्हे. दिनकर गंगाधर केळकर म्हणून एक गृहस्थ १८९६ ते १९९० या काळात होऊन गेले. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. राजा हे त्यांच्या एकुलत्या एका मुलाचे नाव. तो लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी गावोगाव हिंडून या वस्तू जमविल्या, वीस हजारांवर, आणि शेवटी सगळ्या शासनाच्या स्वाधीन केल्या.

धाकटी दिव्याकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "त्याच्या आईला कोणी सांगितलं?"

मुलांचे प्रश्न कोठून कोठे जातात हे मोठ्यांस कळत नाही. हा कोठून आला ते आम्हांस नीट कळले. "असेल कोणीतरी सांगितलं," एवढे आम्ही म्हणालो. त्यानंतर ती आमचे बोट सोडावयास तयार होईना.

साडेपाचला घरी पोहोचलो. सूनबाई दारातच होती. "कसा झाला दिवस?" तिने विचारले.

थोरला म्हणाला, "छान." आणि बूट काढण्यात गुंतला, जे तो एरवी सांगूनही काढीत नाही. धाकटीने आईकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, पुन्हा आईकडे पाहिले आणि म्हणाली, "आजोबांना विचार."

आम्ही सांगितले. दारातच, चप्पल पायात असतानाच. पाण्यापासून ६४ व्या पायरीपर्यंत सगळे सांगितले. फोन करू दिला नाही तेही, आणि मुलांस काय बजावले तेही.

आमच्या सौभाग्यवतींनी कपाळास हात लावला आणि आमच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या एका प्रवासाचा दाखला दिला, तो येथे अप्रस्तुत आहे. सूनबाई काही बोलली नाही. तिने आम्हांस बसविले, लिंबाचे सरबत दिले, मुलांस आत पाठविले आणि मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, चक्कर कोणालाही येईल. पण तुम्ही शुद्धीवर आलाच नसता, तर? तुमचा शब्द म्हणून त्यानं फोन केलाच नसता, तर?"

यास उत्तर नव्हते. आम्ही तो विचार केलाच नव्हता. मूल खोटे बोलावयास शिकेल ही टोचणी आम्हांस दुपारपासून होती आणि तीबद्दल आम्ही मनातल्या मनात स्वतःस पुरेसे रागावलोही होतो. पण नऊ वर्षांचा मुलगा हातात फोन धरून, आजोबांचा शब्द मोडावा की न मोडावा अशा विवंचनेत, एका बेशुद्ध म्हाताऱ्याजवळ उभा आहे, हे चित्र तिने दाखवीपर्यंत दिसले नव्हते.

रात्री चिरंजीवांचा फोन आला. त्यांनी जे म्हणावयाचे ते म्हटले: यापुढे मुलांना घेऊन एकट्याने जाऊ नका. बापाने हे मुलास सांगावे आणि मुलाने ऐकावे, असा काळ आम्ही पाहिलेला आहे. हा उलटा काळ पचावयास जड जातो. त्या रात्री जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे नेहमीचे डॉक्टर भेटले. त्यांनी रक्तदाब बसून मोजला, उभे करून मोजला, हृदयाचा आलेख काढविला. दोष निघाला नाही. पण त्यांनी जे सांगितले ते आमच्या वयाच्या वाचकांच्या कामाचे आहे. आमच्या गोळ्यांपैकी एक लघवीवाटे शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर घालविणारी. तीवर पाणी न पिणे म्हणजे दोन्हींकडून हौद उपसणे. शिवाय वय वाढते तशी तहानच बोथट होते. शरीरास पाणी हवे असते आणि जिभेस ते कळत नाही. घामही पूर्वीसारखा येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडावयास वेळ लागतो. लहान मुलांचेही अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते, आणि खेळात ती पाणी मागावयाचे विसरतात. म्हणजे उन्हात जाण्यास सर्वांत अयोग्य अशी जी दोन वये, ती एकमेकांस सांभाळावयास निघाली होती! तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासास पाणी प्यावयाचे. चढताना बोलावयाचे नाही. आणि गोळी बंद करावयाची ती त्यांनी सांगितल्याशिवाय नाही. 'अडचणी'चा प्रश्न आम्ही चाचरत काढला तेव्हा ते हसून म्हणाले, "अडचण झाली तर पाच मिनिटे जातात, चक्कर आली तर कंबरेचे हाड जाते."

आता पर्वतीचे नाव घरात कोणी काढणार नाही असे आम्ही धरून चाललो होतो. ते काढले सूनबाईने. मुले बंगळुरास परतण्याच्या दोन दिवस आधी ती रात्री म्हणाली, "उद्या सहाला निघू या. मीही येते. मोजे आत्ताच काढून ठेवलेत." चिरंजीवांस तिने काय सांगितले ते आम्हांस ठाऊक नाही.

सव्वासहास आम्ही पायथ्याशी होतो. हवा गार होती. दर वीस पायऱ्यांस थोरला बाटली पुढे करी आणि आम्ही मुकाट्याने घोट घेऊन पाच मिनिटे बसत असू. 'ते बघ' म्हणावयाची सोय उरली नव्हती. ६४ व्या पायरीशी तो थांबला, त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही मान हलविली, तो पुढे मोजू लागला. वर पोहोचल्यावर त्याचा आकडा निघाला १०७. धाकटीचा त्याहून निराळा, कारण मधली रुंद जागा पायरी धरावयाची की नाही यावर त्यांचे एकमत नव्हते. १०३ हा आकडा आम्ही सुचविला, तो दोघांनीही नाकारला.

देवदर्शन झाले. कठड्याशी उभे राहून आम्ही पुराची गोष्ट पुरी केली. या खेपेस बसून, सावकाश. नदी त्या उंच इमारतींमागे आहे, पाणी येथपर्यंत आले होते, आमचे घर साधारण तिकडे होते. आजोबा का थांबत होते तेही सांगितले. थोरला बराच वेळ तिकडे पाहात राहिला.

धाकटीस आमच्याकडून एक उत्तर येणे होते ते तिने तेथे वसूल केले. "रथ पुन्हा वर गेला का, ते पाहिलंत?"

पाहिले होते, आदल्याच रात्री. आम्ही सांगितले, की रथ पुन्हा वर उचलला गेल्याचे आम्हांस तरी कोठे सापडले नाही. पण धर्मराज त्यानंतरही रथातून युद्धाच्या शेवटपर्यंत लढला.

"म्हणजे चालत होता ना?"

"चालत होता."

तिला तेवढे पुरले. सूनबाईने विचारले, "बाबा, त्या दिवशी तुमचे आजोबा इथे बसून तुम्हांला काय म्हणाले?"

आम्ही आठवून पाहिले. "काही नाही. फुटाणे दिले."

"मग फुटाणे कुठायत?" थोरल्याने पिशवीत हात घालून विचारले. पिशवीत पाणी होते, पन्हे होते, दशम्या होत्या, छत्रीसुद्धा होती. फुटाणे खाली उतरल्यावर घेतले.